आयरिशमध्ये नापास

कार्ना, ८ सप्टेंबर १९६८

प्रिय बाबा,

पोहोचले. गॉलवेहून निघालेली बस वाटेत तीनदा बंद पडली आणि तिसऱ्यांदा ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवून ढकलायला लावलं. ढकलता ढकलता शेजारच्या बाईंनी मला आयरिशमध्ये काहीतरी विचारलं. मी हसले. त्यांनी परत विचारलं. मी परत हसले. मग त्या दुसऱ्या बाईंच्या कानाला लागल्या आणि दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू बिचारीला जन्मापासून ऐकू येत नसणार. सुरुवात झकास झाली म्हणायची.

सॉरखा आत्या थांब्यावर आली होती. तुम्ही सांगितलंत तशी उंच नाहीये ती. की तुम्ही गेलात तेव्हा तुम्हीच लहान होता? तिने माझी बॅग उचलली, माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि चालायला लागली. घरी चहा, सोडा ब्रेड आणि तळलेला बांगडा. सगळं आयरिशमध्ये. म्हणजे बांगडा नव्हे, बोलणं. मला त्यातलं माझं नाव तेवढं कळलं.

बाबा, तुम्हाला मी एक गोष्ट सांगितली नव्हती. निकाल लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, पेपर अवघड असेल. पेपर वाईट गेला हे खरं, पण बुडवलं मला तोंडी परीक्षेने. इन्स्पेक्टर आले, खुर्चीत बसले, माझं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. फोलन म्हणजे इकडचे, कोनेमाराकडचे, एवढं मला कळलं. मग ते आनंदाने भराभर बोलायला लागले. वडील कुठल्या गावचे, कुणाचे कोण, असलंच काहीतरी असणार. माझी दातखिळी बसली. मी फोलन, वडील कार्नाचे, आणि मला ‘हो’ सुद्धा म्हणता येईना. त्यांना वाटलं मी घाबरले. त्यांनी हळू विचारलं, मग आणखी हळू. शेवटी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला इंग्रजीत ‘जा बाळ’ म्हणाले. ते ‘जा बाळ’ अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

गणितात ऑनर्स, रसायनशास्त्रात ऑनर्स, लॅटिनमध्ये पास आणि एका आयरिशपायी अख्खी लीव्हिंगची शालान्त परीक्षा नापास! माझ्याकडून गणितं सोडवून घेणारी मेरी-पॅट डब्लिनला चालली आहे आणि मी इथे आत्याकडे आयरिश शिकायला, कोंबड्यांमध्ये. आईने तर ठरवूनच टाकलंय, येत्या ऑगस्टलाही सर्टिफिकेट हाती नाही आलं तर लंडनच्या हॉस्पिटलात नर्सिंगला, तिकडे आयरिश कुणी विचारत नाही. बाबा, मला बोट कापलं तरी घेरी येते. मला विद्यापीठात जायचंय, रसायनशास्त्र शिकायचंय. मला परत एकदा नापास व्हायचं नाहीये.

तुम्हाला हे सगळं येत होतं. एवढंच म्हणते आणि थांबते.

तुमची,
डिम्प्ना

---

थर्ल्स, १६ सप्टेंबर १९६८

प्रिय डिम्प्ना,

पत्र मिळालं. आईने तीनदा वाचलं, फिन्टनने एकदा वाचलं आणि ‘ताई कोंबड्यांमध्ये’ असं शाळाभर करून आला. दुकान ठीक. कापणीचे दिवस, त्यामुळे लोखंडी पत्रे, खिळे आणि दोरखंड याशिवाय कुणी काही मागत नाही.

सॉरखा उंच होती. मला तरी वाटायची.

तू इन्स्पेक्टरचं आधी का नाही सांगितलंस? मी ओरडलो असतो का? असो, ओरडलो असतो. पण माझ्यावरच. मीच दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो ना, आयरिश बोलून गाय काही जास्त दूध देत नाही. सगळे हसायचे. तू काउंटरमागे स्टुलावर बसून हसायचीस. मग वर्गात तू त्या तासाला झोपलीस तर तुला कुठल्या तोंडाने बोलू?

आता ऐक. सॉरखा शिस्तीची आहे, पण पोटात माया. तिने वाढलेलं ताटात टाकू नकोस. सकाळी विहिरीवर तू जा, तिला जाऊ देऊ नकोस, तिची कंबर दुखते. ती कधी सांगणार नाही. आणि रसायनशास्त्राच्या वह्या ट्रंकेत तळाशी आहेत, आईने स्वेटरखाली ठेवल्यात. तिथल्या शाळेत तो विषय नाही हे मला ठाऊक आहे, तू आपली आपण वाचत राहा. एक विषय मिळवताना दुसरा घालवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या आजीच्या घराचं दार अजून लाल आहे का?

---

कार्ना, २४ नोव्हेंबर १९६८

प्रिय बाबा,

दार हिरवं आहे. आत्या म्हणते, आजी गेल्यावर रंगवलं.

दोन महिने काय चाललंय ते ऐका. या घरात इंग्रजीला बंदी. पहिल्या आठवड्यात मी ‘लोणी द्या’ असं इंग्रजीत म्हटलं तर आत्या भिंतीकडे बघत बसली. कोरडा ब्रेड खाल्ला. दुसऱ्या दिवशी शब्द शोधून ‘लोणी’ म्हटलं, तर तिने बशी सरकवली आणि काय छान लोणी मागितलं म्हणून शेजारणीला बोलावून आणलं. आता मला लोणी, मीठ, मासा, पाऊस, जळण, गाढव, माकडा, गप्प बस आणि देवा रे एवढं सगळं येतं. विहिरीवर जाताना वाटेत जो भेटेल त्याच्याशी मी बोलते. म्हातारे लोक थांबतात, काठी टेकतात आणि माझी वाट बघतात, मी वाक्य संपवेपर्यंत. घाई नाही कुणाला. थर्ल्सच्या शाळेत आयरिश शिकवणाऱ्या सिस्टर बेनिग्नसने एवढी वाट पाहिली असती तर!

आणि हे तर ऐकाच. मला वाटत होतं आत्याला इंग्रजी येतच नाही. परवा एक फिरता विक्रेता आला, चादरी घेऊन. त्याने भाव जरा चढवून सांगितला. आत्याने त्याला अशा काही फर्ड्या इंग्रजीत झापलं, की तो सायकल घेऊन पळाला. मी दारात आ वासून उभी. आत्या वळली, मला बघितलं, आणि आयरिशमध्ये म्हणाली, ‘लोणी हवं का तुला?’ मी हसून हसून खाली बसले.

पण त्याच संध्याकाळी चुलीपाशी ती बोलायला लागली. मला आता बरंच कळतं. तिने मला १९५२ सालचं सांगितलं. मी दोन वर्षांची होते आणि तुम्ही मला आणि आईला घेऊन इथे आला होतात. आजीने मला मांडीवर घेतलं, गाणं म्हणायला लागली आणि तुम्ही म्हणालात, ‘आई, पोरीशी इंग्रजीत बोल, नाहीतर तिचा गोंधळ उडेल.’ आजीला तर इंग्रजी येत नव्हतं. आत्या म्हणते, मग आजी गप्प झाली. तुम्ही दोन दिवस होतात, दोन्ही दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नुसती बघत राहिली. मी तिच्या मांडीवर होते आणि ती गप्प होती.

बाबा, हे खरं आहे का? तुम्हाला आजीची लाज वाटत होती का? आमच्यासमोर, आईसमोर? मला सारखं वाटत होतं की मी एकटीच नापास झाले, माझ्या आळसाने. पण मला काही येऊच नये अशी व्यवस्था तुम्ही मी दोन वर्षांची असतानाच करून ठेवलेली होती. इन्स्पेक्टरपुढे मी मुकी उभी होते ना, ते तुमचंच काम.

रागावून लिहिते आहे. उद्या लिहिलं असतं तर कदाचित पाठवलं नसतं. म्हणून आजच टाकते.

डिम्प्ना

---

थर्ल्स, १९ जानेवारी १९६९

प्रिय डिम्प्ना,

नाताळचं पार्सल मिळालं असेल. त्यात केकबरोबर पत्र नव्हतं हे तू ओळखलं असशील. आई दर रविवारी म्हणायची, लिही ना. मी म्हणायचो, दुकानात मोजदाद चाललीय. मोजदाद डिसेंबरातच संपली होती.

तू विचारलंस ते खरं आहे. मी तसं म्हणालो. शब्दसुद्धा तेच. सॉरखाची आठवण चोख आहे.

लाज नव्हती. तुला पटो न पटो, माझ्या आईची मला कधीच लाज नव्हती. भीती होती. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा गॉलवेला लोखंडी सामानाच्या दुकानात नोकरीला लागलो. इंग्रजी शाळेत वाचलेलं, पण कानावर ते कधी पडलंच नव्हतं. शनिवारी बाजारचा दिवस, दुकान खच्चून भरलेलं. एक शेतकरी माझ्याशी भराभर बोलला. मला काही कळेना. त्याने परत सांगितलं. मी उभा. मालक आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘याला विचारू नका, हा पश्चिमेकडचा, त्याला फक्त बैलांची भाषा येते.’ अख्खं दुकान हसलं. मला ते ‘बैल’ तेवढं कळलं. डिम्प्ना, मी त्या काउंटरपाशी मुकाट उभा होतो ना, तेव्हा ठरवलं. माझी मुलं कधी अशी उभी राहणार नाहीत.

आणि तू राहिलीस. इन्स्पेक्टरपुढे. मी तुला ज्यातून वाचवायला निघालो होतो त्याच जागी नेऊन उभं केलं तुला. तुझं पत्र वाचून हेच मनात येतं, मग मी खिळ्यांचे खोके उगाच या कपाटातून त्या कपाटात ठेवत बसतो. फिन्टन विचारतो, बाबा काय शोधताय.

तुझी आई त्या वेळी सोबत होती. तिला आयरिश अजिबात येत नव्हतं. तिला सासरी परकं वाटू नये असंही मनात होतं. ते खोटं नाही.

एक विचारू? तू सॉरखाला विचार. आम्ही परत गेल्यावर माझी आई काही म्हणाली का? माझ्यावर चिडली का? तिच्या दफनाला मी आलो होतो, पण तेव्हा सगळे माझ्याशी अदबीने वागले, दुकानदाराशी वागतात तसे, आणि मी संध्याकाळच्या बसने निघालो. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अभ्यास कर. तुझ्या यशाशिवाय या घरात सध्या कुठलाच विषय नाही.

तुझा,
बाबा

---

कार्ना, १६ फेब्रुवारी १९६९

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी गोठ्यामागे बसून वाचलं. गाढव सोबतीला होतं. मी नोव्हेंबरात जे लिहिलं त्यातला शेवटचा परिच्छेद मला परत हवाय, पण पोस्टातून ते परत येत नाही ना. त्या मालकाचं दुकान अजून आहे का? असेल तर मी गॉलवेला विद्यापीठात आल्यावर तिथे जाऊन त्याला आयरिशमध्ये असं काही सुनावीन, की बैलांनाही कळेल.

विद्यापीठात आल्यावर! बघा, मी कशी बोलायला लागले. खरंच, त्यांचं उत्तर आलंय. शास्त्र शाखेत जागा राखून ठेवतो म्हणतात, मात्र ऑगस्टमध्ये सर्टिफिकेट दाखवा. नाही दाखवलं तर जागा दुसऱ्याला. तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये इथल्याच शाळेत. इथल्या सिस्टर म्हणतात, इन्स्पेक्टर कुणीही येऊ शकतो. तोच आला तर? ‘जा बाळ’ म्हणणारा? आत्या म्हणते, तो आला तर त्याला चहाला घेऊन ये, त्याच्या आजोबांना मी ओळखते.

आजीचं तुम्ही विचारलंत ते मी आत्याला विचारलं. तिला फारसं आठवत नाही म्हणाली. चिडली वगैरे काही नव्हती. तेवढंच.

रसायनशास्त्राच्या वह्या दोनदा वाचून झाल्या. चुलीच्या धुराने पानं तपकिरी झालीत. आत्याला मी समजावून सांगत होते, जळण जळतं म्हणजे काय होतं ते, आयरिशमध्ये. शब्द कमी पडले तिथे हात वापरले. तिने ऐकलं आणि म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंस. मी साठ वर्षं नुसतीच जाळत होते.’

तुमची,
डिम्प्ना

---

कार्ना, २७ एप्रिल १९६९

प्रिय बाबा,

तोंडी झाली. मुद्दाम आधी हेच लिहिते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको: चांगली झाली. खूप चांगली झाली. दहा-पंधरा मिनिटांची असते, त्यांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं. दुसरेच इन्स्पेक्टर होते, डोनेगॉलचे, कानात केस.

पण काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. आणि आधी कबूल करते, फेब्रुवारीत मी तुमच्याशी खोटं बोलले. आत्याला सगळं आठवत होतं. तिने मला सांगितलं आणि ‘हे त्याला लिहू नकोस, पोरी, त्याला झेपायचं नाही’ असंही सांगितलं. मला तेव्हा तेच बरोबर वाटलं.

इन्स्पेक्टर म्हणाले, घरातल्या एखाद्या माणसाबद्दल बोल. मी आईबद्दल बोलायचं पाठ करून गेले होते. आई, दुकान, तिचे केक, सगळं तयार होतं. तोंड उघडलं आणि आजीच आली. मी तिच्याबद्दल बोलायला लागले आणि मला थांबता येईना. मी जे एका परक्या माणसाला शाळेच्या खोलीत सांगितलं, ते तुम्हाला कळू नये हे मला सहन होत नाही. म्हणून लिहिते.

आपण परत गेलो, त्या आठवड्यात आजी पोस्टात गेली. पोस्टवाल्या बाईंना इंग्रजी येत होतं. आजी म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात माझी नात परत येईल, मला तिच्याशी बोलायचंय, मला शिकव. तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. ती रोज पोस्टात जायची. टपाल नसलं तरी. बाई तिला एक एक वाक्य शिकवायच्या. ‘ये गं बाळा, आत ये.’ ‘भूक लागली का तुला?’ ‘शेकायला इकडे बस.’ घरी आल्यावर ती ते कोंबड्यांवर म्हणून बघायची. आत्या म्हणते, त्या वर्षी आमच्या कोंबड्यांना इंग्रजी उत्तम यायला लागलं होतं. हे सांगताना आत्या हसत होती, आणि मग हसायची थांबली.

पुढच्या उन्हाळ्यात आपण इथे आलो नाही. फिन्टन होणार होता ना. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आजी आजारी पडली. अंथरुणात असताना दार वाजलं, की ती इंग्रजीत म्हणायची, ‘ये गं बाळा, आत ये.’ दारात डॉक्टर असायचे, नाहीतर पाद्री. डॉक्टरांना वाटायचं तापात बरळते आहे.

ती चिडली नव्हती, बाबा. तुम्ही विचारलं होतंत ना, त्याचं खरं उत्तर हे. ती तुमच्यावर क्षणभरही चिडली नव्हती. तिला वाटलं, मार्टिन म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार, पोरीसाठी आपणच शिकायला हवं.

मी हे सांगून संपवलं तेव्हा इन्स्पेक्टर चष्मा काढून बसले होते. ते म्हणाले, ‘तुझी आजी कुठल्या वर्षी गेली?’ मी म्हटलं, चोपन्न. त्यांनी ‘देव तिला शांती देवो’ म्हटलं, आणि त्यावर काय म्हणायचं असतं ते मला येत होतं, तर मी म्हटलं. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून मोठ्याने रडले. सगळ्या मुलींना वाटलं, फोलन परत गेली कामातून.

माझ्यावर रागावू नका.

डिम्प्ना

---

थर्ल्स, ११ मे १९६९

प्रिय डिम्प्ना,

बाबांऐवजी मी लिहिते. लिही म्हणून मागे लागले तर ते अंगणात निघून जातात.

तुझं पत्र शुक्रवारी आलं, बाजाराच्या दिवशी. ते त्यांनी काउंटरवरच उघडलं. दुकानात पाच-सहा माणसं होती. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र खिशात ठेवलं, समोरच्याला म्हणाले, ‘माफ करा, आज बंद आहे’, आणि भर बाजारात शटर ओढलं. माझ्या वडिलांच्या काळापासून शुक्रवारी ते दुकान कधी बंद झालेलं नाही. लोकांना वाटलं, कुणी गेलं की काय. दोन बायका तर संध्याकाळी केक घेऊन आल्या, मला काय सांगावं कळेना.

मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. आणि मग म्हणाले, ‘मी ते तुझ्यासाठी केलं, जोसी. तुला परकं वाटू नये म्हणून.’

डिम्प्ना, मला कधी कुणी विचारलंच नाही गं. मी नवी सून, कडेवर मूल. मला काय फरक पडणार होता? त्या म्हाताऱ्या बाई गाणं म्हणत होत्या आणि तू त्यांच्या शालीचं टोक तोंडात घालून ऐकत होतीस, मला तेच फार छान वाटत होतं. मी म्हटलं असतं, राहू दे, म्हणू दे. पण मला वाटलं त्यांच्या घरची रीत असेल, आपण नव्या, मध्ये कशाला बोला. म्हणून मी गप्प बसले. अशा रीतीने त्या घरात त्या, तुझे बाबा आणि मी, तिघेही मनातलं न बोलता राहिलो, एकमेकांसाठी. सतरा वर्षांनी आता हे कळतंय. काय उपयोग?

तू तुझा जूनचा पेपर नीट दे. नर्सिंगचा फॉर्म मी चुलीत टाकला. नापास झालीस तर झालीस, घरी ये, बघू पुढचं. पण तू नापास व्हायची नाहीस.

तुझी,
आई

---

कार्ना, २० ऑगस्ट १९६९

प्रिय बाबा, प्रिय आई,

आज सकाळी निकाल लागला. सगळ्या विषयांत पास. गणित आणि रसायनशास्त्र ऑनर्स परत. आयरिश ऑनर्स. हो, आयरिश ऑनर्स! सिस्टरने वाचलं तेव्हा मीच म्हटलं, परत वाचा.

आत्याला सांगायला धावत आले. ती बटाटे काढत होती. तिने ऐकलं, मातीचे हात एप्रनला पुसले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती डोक्याला चांगला रुमाल बांधून. म्हणाली, चल, दुकानातून काहीतरी गोड आणू. वाटेत प्रत्येकाला तिने थांबवून सांगितलं. ‘मार्टिनची पोर. ऑनर्स. आमच्या घरात शिकली.’

ऑक्टोबरात विद्यापीठ सुरू होतं. बाबा, तुम्ही एप्रिलपासून एकदाही लिहिलं नाही. मी ते सांगायला नको होतं का?

तुमची,
डिम्प्ना

---

थर्ल्स, २५ ऑगस्ट १९६९

प्रिय डिम्प्ना,

सांगायलाच हवं होतं. मी विचारलं होतं, तू उत्तर दिलंस.

तुझा निकाल आला तेव्हा मी दुकानात होतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एक म्हातारा मला म्हणाला, ‘काय हो फोलन, आयरिश बोलून गाय दूध देत नाही ना?’ मी म्हटलं, ‘चूक होती माझी.’ तो हसायला लागला, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. सगळ्या गावापुढे म्हटलं, बरं वाटलं.

आता मी न लिहिण्याचं. मी लिहीत होतो. तुला आयरिशमध्ये पत्र लिहावं असं मनात घेतलं होतं, तू पास होशील तेव्हा देण्यासाठी. शब्द सगळे येतात. लिहायला बसलो, की माझ्या आईच्या आवाजात येतात, आणि पुढे हात चालत नाही. शंभरदा सुरुवात केली असेल. फिन्टनशी बोलून बघितलं, एकदा, जेवताना. त्याला ‘मीठ दे’ म्हटलं. तो म्हणाला, ‘काय?’ मी परत इंग्रजीत म्हटलं. पंधरा वर्षांचा झालाय तो. त्याच्याही बाबतीत उशीर झाला.

तू मात्र माझ्याशी बोल. घरी आलीस की, दुकान बंद झाल्यावर, मागच्या अंगणात. मी लगेच उत्तर दिलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. काठी टेकून उभ्या राहणाऱ्या त्या म्हाताऱ्यांसारखी थोडी वाट बघ.

मी शनिवारी येतोय, तुला न्यायला. आई आणि फिन्टनही येत आहेत. सॉरखाला सांग जेवण फार करू नकोस. ती करणारच.

आधी आपण माझ्या आईच्या थडग्यावर जाऊ. मी चोपन्न सालानंतर तिथे उभा राहिलेलो नाही. मला जे म्हणायचंय ते तिच्याशी इंग्रजीत म्हणता येणार नाही, आणि आयरिशमध्ये माझ्या तोंडून निघणार नाही, हे मला आत्ताच कळतंय. म्हणून तू बोल. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. तिला सांग, मी डिम्प्ना, मला आता सगळं कळतं. आणि मग सांग, मार्टिनपण आलाय.

तुझा,
बाबा